आडबेटावर निवांत पडण्याची पूर्वतयारी

विश्रांती ही विचारपूर्वक, वेळेवर आणि योग्य त्या मंजुरीनेच घेतली पाहिजे. नाहीतर लोक तिला आळस म्हणतात. हे तत्त्व ज्यांनी जन्मभर पाळलं आणि त्यामुळेच जे जन्मभर एकदाही विसावले नाहीत, अशा थोर पुरुषांत चिकोडीच्या अप्पासाहेबांची गणना करावी लागेल.

अप्पासाहेब एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते. (कोणत्या कचेरीत, हे सांगण्याची परवानगी मागितली आहे. उत्तर आलेलं नाही.) काळ इंग्रजांचा. साहेब येत आणि बदलून जात, पण अप्पासाहेबांची बैठक हलत नसे. ते रजा घेत नसत, कारण रजेचा अर्ज तपासणारे तेच होते आणि स्वतःच्या अर्जात त्यांना नेहमी काहीतरी त्रुटी आढळे.

असं बरंच चाललं असतं. पण एका लग्नात भटजींनी मंगलाष्टकं संपवली, लोकांनी अक्षता टाकल्या, आणि अप्पासाहेबांनी हात वर करून मोठ्यानं म्हटलं, "मंजूर!" वरपक्षानं ते हसण्यावारी नेलं. त्यानंतर त्यांनी आमटीची वाटी बायकोकडे परत सरकवली आणि "सविस्तर खुलाशासह पुन्हा सादर करावी" असं बजावलं. इंदुताईंनी मीठ घालून वाटी पुन्हा सादर केली, पण दुसऱ्या दिवशी नवऱ्याला धरून निपाणीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी नाडी बघितली, जीभ बघितली. म्हणाले, "आठ दिवस समुद्रावर जाऊन पडा. काय करू नका."

"काही करायचं नाही, म्हणजे नेमकं काय करायचं?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"काय करायचंच न्हाय."

"ते कळलं. पण ते कसं करायचं?"

डॉक्टरांनी इंदुताईंकडे पाहिलं, इंदुताईंनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि तपासणी संपली.

घरी येताना इंदुताई बैलगाडीत समुद्राचाच विचार करत होत्या. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्यांच्या डोळ्यांखालून गेलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे पुरातली दूधगंगा, आणि तीही लोकांच्या गर्दीमागून. मग त्या म्हणाल्या, "अवो, मला काय जास्त नको. समुद्रात पाय सोडून निवांत बसायचंय. कुणी च्या मागायला नको, एवढंच."

"विचारात घेतलं जाईल," अप्पासाहेब म्हणाले. त्यांच्या तोंडी ही प्रेमाची भाषा होती.

ज्या विश्रांतीची आखणी झालेली नाही ती घेणं बेजबाबदारपणाचं होतं. म्हणून अप्पासाहेबांनी विश्रांती नियोजन मंडळ स्थापन केलं. पहिले सभासद मारुतीराव. हे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांना इतिहासाचा नाद होता आणि श्रोत्यांची टंचाई होती. दुसरे सुबराव, निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, ज्यांच्याकडे मालाची मोटार होती आणि ज्यांना कुठंही झोप लागे. ह्या दुसऱ्या गुणामुळे त्यांना तज्ज्ञ सभासद म्हणून घेतलं.

जागा मारुतीरावांनी सुचवली. वेंगुर्ल्याच्या खाली, होडीनं जावं लागेल अशा अंतरावर, आडबेट नावाचं वाळूचं एक लांबट बेट आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये हे आडवं. समुद्राच्या लाटा आधी ह्या बेटावर येऊन आपटतात, त्यामुळे मागचं गाव सुरक्षित राहतं. नुसतं आडवं पडून सबंध गावाचं रक्षण करणारं असं कर्तबगार बेट ऐकून सुबराव गहिवरले.

"आणि बेट ऐतिहासिक हाय!" मारुतीराव म्हणाले. "तिथं जुनी चौकी हाय. तोफ हाय. शिबंदीनं पिढ्यान्‌पिढ्या पहारा दिला."

"कुणाशी लढले?"

"कुणाशीच न्हाय. शत्रू कधी आलाच न्हाय." मारुतीरावांनी उपरणं सावरलं. "ह्याला म्हणायचं निर्णायक विजय."

जिथं इतिहासात काहीच घडलेलं नाही तिथं आपणही काही न करणं हे परंपरेला धरून होईल, असं ठरलं आणि आडबेट एकमतानं मंजूर झालं. (मारुतीरावांनी ते बेट स्वतः पाहिलं होतं. फार लांबून. धुक्यात.)

मंडळाच्या बैठका अप्पासाहेबांच्या घराच्या पुढल्या सोप्यात भरू लागल्या. दर बैठकीला चहा लागे, आणि चर्चा गहन असेल तर पोहे. सभासदांपैकी दोघांना पोहता येत नव्हतं, आणि उरलेल्या एकाला आपल्याला येत नाही हे ठाऊक नव्हतं, म्हणून पाण्यात न उतरण्याचं धोरण ठरलं. मग पूर्ण विश्रांती, अर्धी विश्रांती आणि विश्रांतीनंतर येणाऱ्या थकव्यासाठी पूरक विश्रांती अशी तिची विभागणी झाली. नुसतं बसणं अर्ध्या विश्रांतीत धरावं की नाही, ह्यावर दोन बैठका उभ्यानं झाल्या, कारण निर्णय होईपर्यंत बसणं पक्षपाती ठरलं असतं.

खरा वाद समुद्राकडे बघण्यावरून झाला.

"समुद्राकडं बघत बसलं की माणूस लाटा मोजतो," सुबराव म्हणाले. "आणि मोजलं की ते काम झालं. मग डाक्टरनी सांगितलेलं ऱ्हायलं बाजूला."

"मग बघायचं न्हाय?" मारुतीराव भडकले. "एवढ्या लांब जाऊन डोंगराकडं तोंड करून बसू काय?"

अप्पासाहेबांनी डोळे मिटले, दोन्ही बाजू तोलल्या आणि ठराव सांगितला: "सभासदांनी समुद्राकडे पाहावे, परंतु लक्ष देऊ नये." दोघांचंही समाधान झालं. आत स्वयंपाकघरात इंदुताईंनी चहाचं पातेलं जरा जोरात आपटलं, ते मंडळानं अनुमोदन समजून घेतलं.

अप्पासाहेबांच्या घरी त्यांची विधवा आत्या बायाक्का राहत असे. तिच्या लेकीचं सासर वेंगुर्ल्याला होतं, आणि तिनं समुद्र इतक्या वेळा पाहिला होता की तिला त्याचं काही वाटत नसे. ती एकदा बैठकीत डोकावून म्हणाली, "आरं आप्पा, बेळगावातनं मोटार सुटती. तीत बसायचं. उतरायचं. तितनं होडी. एवढ्याला काय पंचायत भरवलीया?"

मारुतीराव हसले. स्त्रियांना नियोजनातली गुंतागुंत कळत नाही, असं ते पोह्यांचा घास घेता घेता म्हणाले.

हिवाळा गेला. होळी झाली. नियोजन इतकं पुढं गेलं की आता तालमीशिवाय इलाज नव्हता. अनोळखी जागी जाऊन पहिल्यांदाच एकदम पडून राहणं धोक्याचं होतं. काय चुकेल सांगता येत नाही. मग कोगनोळीच्या पुढं दूधगंगेच्या पात्रात उन्हाळ्यात वाळूचा पट्टा उघडा पडतो, दोन्ही बाजूंनी पाणी आणि मध्ये वाळू, तो तालमीला नक्की झाला. हुबेहूब आडबेट, फक्त समुद्र नाही. (समुद्राकडे लक्ष द्यायचंच नव्हतं, त्यामुळे ही उणीव किरकोळ ठरली.) बायकांनी तालमीला येण्याचं कारण नव्हतं. त्यांनी डबे द्यायचे होते.

एका रविवारी सुबरावांच्या मोटारीतून मंडळ नदीवर पोचलं. तिघंही सभासद गुडघाभर पाण्यातून वाळूवर गेले. धोतर, कोट, पगडी असा पूर्ण पोशाख होता, कारण विश्रांती झाली तरी ती चारचौघांत होती. तिघं रांगेत उताणे पडले, हात बाजूला सरळ ठेवले, आणि डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून ठरल्याप्रमाणे तोंडावर पांढरे रुमाल घेतले.

आता हे ध्यानात घेतलं पाहिजे की तिथं दूधगंगेच्या अलीकडे खालसा मुलूख होता, म्हणजे इंग्रज सरकारचा, आणि पलीकडे संस्थानचा. नदी ही हद्द. पण उन्हाळ्यात नदीच दोन धारांत विभागली की मधली वाळू कुणाची, ह्याचा निकाल लागलेला नव्हता, कारण त्या वाळूत काही पिकत नसल्यानं दोघांनाही ती नको होती.

पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या एका बाईनं मान वर केली. तिला वाळूत तीन सभ्य गृहस्थ ओळीनं पडलेले दिसले, तोंडावर पांढरी फडकी. तिनं धुणं टाकलं आणि जी किंकाळी फोडली ती दोन्ही मुलखांत सारखीच ऐकू गेली.

घटकाभरात दोन्ही काठ माणसांनी भरले. अलीकडून भरमू पाटील आले, पलीकडून ज्योतिबा पाटील. दोघंही आपापल्या गावचे पोलीस पाटील, दोघंही वाळूच्या कडेला येऊन थांबले. प्रेताला हात लावला की ते आपलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"राम राम ज्योतिबाण्णा," भरमू पाटील म्हणाले. "तुमची माणसं आमच्याकडं वाहून आल्यात वाटतं."

"आमची कशानं? पाय बघा की. पाय तुमच्या अंगाला हाईत. माणूस पायानं येतो."

"पण डोसकी संस्थानाकडं हाईत. माणूस डोसक्यानं वळखतात, पायानं न्हाय."

गर्दीतल्या जाणत्यांनी माना डोलावल्या. दोन्ही मुद्दे बिनतोड होते.

रुमालाखाली अप्पासाहेब हे सगळं ऐकत होते. त्यांनी उठायला हवं होतं. उठावं असं त्यांच्या मनातही आलं. पण त्यांना एक विलक्षण गोष्ट जाणवली: एक प्रकरण चाललं होतं, त्यात दोन मुलूख गुंतले होते, आणि कोणीही त्यांच्याकडे काहीही मागत नव्हतं. मेलेल्या माणसाचा शेरा कोण मागणार? पाठीखाली वाळू ऊबदार होती. कानाशी पाणी वाजत होतं. खांदे, जे कचेरीत लागल्यापासून कानाला चिकटून होते, ते हळूहळू खाली आले. अप्पासाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटत होतं. हे असं असतं होय, असं त्यांच्या मनात आलं, आणि इंदुताईंना हे सांगायला हवं, असंही आलं.

तेवढ्यात सुबराव घोरू लागले.

गर्दी मागं सरली. "पाटील, एक मयत घोरतोय!"

"परमुलखातला असंल," भरमू पाटील गंभीरपणे म्हणाले. "आपल्याकडं तशी पद्धत न्हाय." आणि त्यांनी बरोबरच्या माणसाला पंचनामा लिहायला बसवलं. "लिही. तीन मयत इसम. पैकी एक घोरत असल्याचं पंचांनी समक्ष ऐकलं. सदर इसम मयत झाल्याबद्दल मयतांची कोणतीही तक्रार न्हाय."

अप्पासाहेबांचा एक डोळा रुमालाखाली उघडला.

तक्रार नाही? *मयतांची?* त्यांनी दात आवळले. त्यांनी मनात समुद्र आणला. त्यांनी त्याच्याकडे लक्ष न देण्याचा प्रयत्न केला. पण ते वाक्य पायात काटा रुतावा तसं रुतलं होतं, आणि ते तसंच वर जाणार होतं, एखाद्या कचेरीत कोणीतरी वाचणार होतं.

"मयतांची नव्हे!" रुमाल उडाला आणि अप्पासाहेब ताठ उठून बसले. "मयतांच्या वारसांची तक्रार नाही, असं लिहा!"

दोन्ही काठ क्षणात ओस पडले. धुणंवाली पुन्हा ओरडली. पाटील मात्र जागचे हलले नाहीत. सरकारी काम अर्धवट टाकून पळता येत नाही. भरमू पाटलांनी अप्पासाहेबांना खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "वारस कोण?"

"कुणाचे?"

"तुमचे."

"माझी पत्नी," अप्पासाहेब म्हणाले, आणि पुढं सरकून त्यांनी लिहिणाऱ्याच्या हातातला टाक घेतला. "व्हा बाजूला. असं लिहितात होय? समास कुठं सोडलाय?"

मग काय! ऊन कलेपर्यंत अप्पासाहेबांनी स्वतःच्या मृत्यूचा असा पंचनामा लिहिला की तसा त्या भागात पुन्हा कोणाचा झाला नाही. हद्दीचा तंटाही त्यांनीच मिटवला: मयत हे कमरेच्या वर संस्थानाकडे व कमरेखाली खालशाकडे वर्ग करण्यात यावेत. दोन्ही पाटलांनी त्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी मयताची सही म्हणून एक जागा मोकळी होती, तिथं त्यांनी सवयीनं सही केली.

"तालीम उत्तम झाली," परतताना ते म्हणाले. त्यांची मान पुन्हा आखडली होती.

व्हायचं तेच झालं. पंचनामा इतका निर्दोष होता की वरच्या कुठल्याही टेबलावर तो अडला नाही. आणि वैशाखात अप्पासाहेबांनी रजेचा अर्ज केला, तेव्हा स्वतःच्या तपासणीतून तो कसाबसा सुटला, पण वरून शेऱ्यासह परत आला: अर्जदार डोक्यापासून कमरेपर्यंत मयत असून तो भाग संस्थानाकडे वर्ग झाला आहे; सबब उर्वरित भागास रजा देण्यापूर्वी संस्थानाची हरकत नसल्याबद्दल खात्री करावी.

अप्पासाहेबांनी शेरा दोनदा वाचला. "शेरा बरोबर आहे," ते आदरानं म्हणाले. "मीसुद्धा हाच मारला असता."

मंडळाची तातडीची बैठक बोलावली गेली. सुबराव आले, मारुतीराव आले. संस्थानाकडे कोणत्या मार्गानं जावं, आधी कुणाला भेटावं, पावसाळ्यापूर्वी जमलं नाही तर दिवाळीनंतर, नाहीतर पुढचं साल, असं बोलणं चाललं होतं. इंदुताई चहा घेऊन बाहेर आल्या. अंगावर शहापुरी लुगडं होतं, घरातलं नव्हे, बाहेरचं. मागं बायाक्का काखेत गाठोडं घेऊन उभी.

"ह्यो च्या घ्या," इंदुताई म्हणाल्या. "भाकरी टोपल्यात हाईत. लोणचं काढून ठेवलंय."

"कुठं निघालात?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"बेटाला."

"पण अजून मंजुरी..."

"तुमी कमरेपतोर मेलाय," इंदुताई शांतपणे म्हणाल्या. "मी न्हाय. मी जाऊन येते."

आणि त्या गेल्या. मारुतीरावांनी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता, असा आक्षेप घेतला, पण तोवर दाराबाहेरून बायाक्काचा आवाज येऊ लागला होता, "बिगी चल गं, मोटार सुटंल!"

पुढच्या बैठकीला चहा नव्हता. त्याच्या पुढच्या बैठकीला सभासद नव्हते. अप्पासाहेब रिकाम्या सोप्यात बसले. घर इतकं गप्प होतं की त्यांना आपलाच श्वास ऐकू येत होता, आणि तो त्यांना जरा घाईचा वाटला. आपली बायको पाण्याशी कशी बसली असेल, हे डोळ्यांपुढं आणायला ते धडपडले. पण इतक्या वर्षांत ती बसलेली त्यांनी पाहिलीच नव्हती, त्यामुळे चित्र काही उमटेना. संध्याकाळी त्यांनी परसात घंगाळ भरलं, धोतर वर घेतलं आणि पाण्यात पाय सोडून बसले. बरं वाटलं. मग शेजारणीनं कुंपणावरून पाहिलं, तेव्हा त्यांनी पाय काढले, पुसले, आणि घंगाळाला गळती आहे का ते तपासत असल्याचं तिला सांगितलं.

इंदुताई परतल्या तेव्हा उन्हानं काळवंडल्या होत्या आणि त्यांच्या लुगड्यातून सोप्यात वाळू सांडत होती. ती झाडायची त्यांना घाई नव्हती. मंडळ बातमी ऐकून धावत आलं.

"काय काय केलं?" मारुतीरावांनी विचारलं.

"काय न्हाय."

"काय न्हाय म्हंजे? क्रमानं सांगा."

इंदुताईंनी आठवून पाहिलं. "सकाळी बसलो. आत्याबाई झोपल्या. पाणी आलं. मग गेलं. दुपारी परत बसलो."

"चौकी? तोफ? इतिहास?"

"भिंत हाय पडकी. सावलीला शेळ्या बसत्यात."

"पण तिथली व्यवस्था कुणी पाहिली?" सुबराव म्हणाले.

"कसली?"

मंडळानं ह्या प्रश्नाची नोंद घेतली. ते उठून गेल्यावर अप्पासाहेब बायकोजवळ थांबले. त्यांना पुष्कळ विचारायचं होतं आणि कचेरीच्या भाषेत त्यातलं काहीच बसत नव्हतं. अखेर ते म्हणाले, "कसं होतं?"

इंदुताईंनी पदरातली वाळू चिमटीत धरली. मग म्हणाल्या, "तुमी असायला पायजे हुता."

वाळूवर कोट घालून पडले असतानाची ती ऊब अप्पासाहेबांना पाठीत पुन्हा जाणवली. एका शब्दाचं काम होतं. सकाळी बेळगावातून मोटार सुटत होती. अप्पासाहेबांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या कानांनी ऐकलं की ते म्हणत आहेत, "पुढच्या बैठकीत विषय घेतो."

"घ्या की," इंदुताई म्हणाल्या. "पर बैठक दुसरीकडं भरवा." आणि त्या आत जाऊन आडव्या झाल्या, दिवसाउजेडी, कुणाला न विचारता.

मंडळाच्या बैठका त्यानंतर मारुतीरावांकडे भरू लागल्या आणि आमच्या माहितीप्रमाणे त्या अजून चालू आहेत. मूळ सभासद राहिले नाहीत, पण संख्या मात्र वाढतेच आहे, कारण प्रवेशाची अट फार सोपी ठेवली आहे. वरील मजकूर वाचताना "आपणही एकदा असं निवांत जाऊन यायला हवं" असं ज्यांच्या मनात आलं, आणि लगोलग कोण कोण येईल, कधी जमेल, मुलांच्या परीक्षा आधी की नंतर, असा ज्यांचा विचार सुरू झाला, त्यांनी वेगळा अर्ज करण्याची आवश्यकता नाही. त्यांचं नाव घातलं आहे. चहा सुरू होतोच आहे, या, बसा.